डिस्क रिकामी, तरी लॉग म्हणतो जागा नाही. काय बघू?

रात्रपाळी: मंडळी, डोकं फिरायची वेळ आलीय. डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या कप्प्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवायचं साधन) पोस्टग्रेस डेटाबेस आहे. रिपोर्टची एक मोठी क्वेरी मध्येच मरते आणि लॉगमध्ये "नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस". डिस्क निम्म्याहून जास्त मोकळी आहे. जुने लॉग उडवले, व्हॅक्यूम (डेटाबेसची साफसफाई) झाला, फरक शून्य. मोठी डिस्क मागून घेऊ का?

टेबलखुर्ची: थांबा, आधी 'डीएफ -आय' मारा. आयनोड (डिस्कवरच्या फाइलींच्या नोंदी) संपले तरी हाच एरर येतो.

रात्रपाळी: मारला. ९ टक्केच वापरलेत.

जुना_डीबीए: तुम्ही एररचं शेपूट धरून बसलात. पूर्ण ओळ टाका.

रात्रपाळी: "कुड नॉट रिसाइज शेअर्ड मेमरी सेगमेंट … टू १६७७७२१६ बाइट्स: नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस"

जुना_डीबीए: सापडला चोर. हे 'डिव्हाइस' म्हणजे तुमची डिस्क नाहीच, /डेव्ह/एसएचएम आहे, म्हणजे मेमरीतली सामायिक जागा. वेगळं काही सांगितलं नाही तर डॉकर कंटेनरला तिथे फक्त ६४ एमबी देतो. क्वेरी पॅरलल, म्हणजे अनेक प्रोसेसमध्ये वाटून, चालली की त्या प्रोसेस (वर्कर) सामायिक हॅश टेबल (जुळणाऱ्या ओळी शोधायचा तक्ता) तिथेच बांधतात. क्वेरी मेली की जागा मोकळी, म्हणून नंतर बघायला गेलात तर सगळं आलबेल दिसणार.

खात्री करायची तर त्या सेशनपुरतं 'मॅक्स पॅरलल वर्कर्स पर गॅदर' ० करा, म्हणजे पॅरलल बंद, आणि तीच क्वेरी चालवा. चालली, तर '--एसएचएम-साइझ' १ जीबी देऊन कंटेनर नव्याने बनवा. नुसत्या रीस्टार्टने ते बदलत नाही, इथे मी स्वतः एक संध्याकाळ घालवलीय.

आणि पोस्टग्रेसला शिव्या नकोत. कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) एरर नंबर २८ देतो, त्याचं ठरलेलं वाक्य लॉगमध्ये उतरतं. सेमाफोरची (प्रोसेसनी एकमेकींत ताळमेळ ठेवायची खूण) मर्यादा संपली तरी तेच वाक्य येतं. तिथे तर पोस्टग्रेस खाली हिंट देतो की याचा अर्थ डिस्क भरली असा *नाही*. हिंट वाचतो कोण म्हणा!

टेबलखुर्ची: ओरॅकल डेटाबेसमध्ये एरर ००९४२ ने मला असंच नाचवलं होतं. "टेबल ऑर व्ह्यू डझ नॉट एक्झिस्ट". टेबल डोळ्यांसमोर, फक्त त्या युजरला ग्रँट (परवानगी) नव्हता.

रात्रपाळी: ० केल्यावर क्वेरी रडतखडत का होईना, पूर्ण झाली! कंटेनर आज रात्री नव्याने बनवतो. डेटा व्हॉल्यूमवर (कंटेनरबाहेरच्या जागेत) आहे, तरी आधी बॅकअप घेतो.