मदत हवी आहे : मामांचा जुना बास फेंडर आहे की फेंडरची कॉपी?

नमस्कार मंडळी,

माझे मामा सत्तरच्या दशकात गिरगावातल्या एका ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवायचे. गणपतीतले कार्यक्रम, लग्नाची रिसेप्शनं, कधीमधी बाहेरगावचे दौरे. मामा आता नाहीत. चाळ पुनर्विकासाला चालली आहे म्हणून मामींनी पोटमाळा रिकामा केला आणि बास माझ्या हवाली केला. ("नेतोस तर ने, नाहीतर भंगारवाला नेईल." मामींचं आणि त्या बासचं कधीच जमलं नाही.)

घरात पूर्वीपासून सांगतात की बोटीवर नोकरी करणाऱ्या एका मित्राने तो बाहेरून आणून दिला आणि तो ओरिजिनल फेंडर जॅझ बास, म्हणजे अमेरिकेच्या फेंडर कंपनीचं मॉडेल, आहे. तेव्हा बाहेरचं वाद्य मिळवायचं तर बहुतेकांना असंच कुणाला तरी सांगावं लागे, त्यामुळे बोटीवाला मला पटतो. फेंडरबद्दल शंका आहे. चोरबाजारात एका विक्रेत्याला फोटो दाखवले, तो म्हणाला "लॉसूट एरा जपानी, घेतो मी." (म्हणजे कॉपींवरून कोर्टात दावे झाले त्या काळातला.) दुसरा म्हणाला कोलकात्याचा माल आहे, काही मिळणार नाही. बास हातात दोघांनीही घेतला नव्हता.

मला दिसतं ते असं: सनबर्स्ट रंग, जॅझ बाससारखी तिरकी कंबर, दोन पिकअप (तारांचा आवाज पकडणारे), चारही ट्यूनिंग कीज एकाच बाजूला. प्रत्येक पिकअपवर चार लोखंडी ठिपके आहेत. हेडस्टॉकवर (कीज असलेल्या टोकावर) फेंडरचा स्टिकर आहे, पण त्याची कड सुटली आहे आणि खाली दोन बारीक भोकं दिसतात. नटला (दांड्याच्या टोकाची, तारांच्या खाचांची पट्टी) अगदी चिकटून एक जादा फ्रेट (दांड्यावरची आडवी धातूची पट्टी) आहे. मागे नेकच्या (दांड्याच्या) सांध्यावर चार स्क्रूंची चौकोनी पट्टी, तिच्यावर 'स्टील रीइन्फोर्स्ड नेक' असं कोरलंय. नंबर कुठेच नाही.

काय उघडून बघू? आणि विकावा की ठेवावा? मुलगी सहावीत आहे, तिला बास शिकायचाय, पण तिचे हात लहान आहेत.

प्रतिसाद १

फोटो टाका हो आधी. फोटोशिवाय गिटारचा धागा म्हणजे पत्रिका न बघता लग्न.

प्रतिसाद २

फोटो नसले तरी तुम्ही लिहिलंय त्यात बरंच आलं. स्टिकर विसरा. हेडस्टॉकवरचं नाव हा सगळ्यात कच्चा पुरावा, कारण बदलायला सगळ्यात सोपं तेच. त्याखालची दोन भोकं बहुधा धातूच्या बिल्ल्याची असावीत. म्हणजे मूळ नाव वेगळं होतं, ते काढून कुणीतरी फेंडर चिकटवलं. स्टेजवर लांबून फेंडर दिसला की भाव वाढायचा, मामांच्या आधीच्या मालकाने केलं असेल किंवा मामांनीही.

आता पिकअप. फेंडरचा जॅझ बास १९६० मध्ये आला तेव्हापासून त्याच्या प्रत्येक पिकअपवर आठ ठिपके असतात, एका तारेला दोन. तुमच्याकडे चार आहेत. नटजवळच्या फ्रेटला झीरो फ्रेट म्हणतात, जॅझ बासवर तो नसतो. जुन्या स्वस्त जपानी कॉपींवर मात्र सर्रास सापडतो. 'स्टील रीइन्फोर्स्ड नेक'ची पट्टीसुद्धा त्याच घराण्यातली. फेंडरने १९७६ पर्यंत सीरियल नंबर त्या पट्टीवर टाकला, पुढे हेडस्टॉकवर नेला.

एक माप घ्या: बाराव्या फ्रेटपर्यंत किती सेंटिमीटर? झीरो फ्रेट असल्यामुळे माप त्या फ्रेटपासून घ्या, नटपासून नको. मग तारा सैल करून पिकगार्ड (बॉडीवरचं प्लॅस्टिकचं पान) उघडा. आत लाकूड कसं दिसतं आणि पॉटच्या (आवाजाच्या बटणांखालच्या भागाच्या) पाठीवर काय छापलंय ते सांगा. तारा एकदम सगळ्या काढू नका, नेक इतकी वर्षं ताणात राहिलाय.

धागाकर्ता

माप ३८ सेंटिमीटर, एखादा मिलिमीटर जास्त. पिकगार्ड उघडला. पिकअपच्या खाचेत कडेला थर दिसतात, एक फिका, एक गडद. पॉट अगदी छोटे आहेत, एका रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान. पाठीवर फक्त '५००के'. झुरळांची अंडी पण निघाली, ती मोजली नाहीत.

प्रतिसाद २

मग निकाल लागलाच. बाराव्या फ्रेटचं अंतर दुप्पट केलं की स्केल, म्हणजे वाजणाऱ्या तारेची लांबी, निघतं. तुमचं आलं ७६ सेंटिमीटर, म्हणजे ३० इंच. जॅझ बास ३४ इंची असतो, ८६ सेंटिमीटरच्या वर. स्टिकर बदलता येतो, पिकअप बदलता येतात, पण कुणी नेक दहा सेंटिमीटरने आखूड करत नाही. फेंडरनेही ३० इंची बास काढले, उदाहरणार्थ १९६६ चा मस्टँग, पण त्याची बॉडी आणि पिकअप वेगळे.

थर दिसतात ते प्लायवूड. फेंडर त्या काळात अल्डर किंवा ॲशचं लाकूड वापरायचे, खाचेत लाकडाच्या रेषा सलग दिसल्या असत्या. अमेरिकन पॉटवर बहुतेक वेळा आकडे छापलेले असतात: पहिले तीन कारखान्याचे (१३७ म्हणजे सीटीएस), मग वर्ष, शेवटचे दोन आठवडा. १३७७६३३ असेल तर सीटीएसचा पॉट, १९७६ चा तेहतिसावा आठवडा. शिवाय जॅझ बासमध्ये २५०के (किलोओहम) पॉट लागतात, ५००के नाहीत.

माझ्या मते सत्तरच्या आसपासची जपानी कॉपी. कारखान्याचं नाव सांगायचा मोह आवरतो. तिथे एकाच कारखान्यातून निघालेला बास परदेशातल्या वेगवेगळ्या दुकानदारांच्या नावाने विकला जायचा, आणि तुमचा बिल्ला तर गेलाच आहे. प्लायवूडला नाकं मुरडू नका. मुंबईचे इतके पावसाळे पोटमाळ्यावर काढूनही बॉडी टिकली, यात त्याचाही हात असेल.

प्रतिसाद ३

'लॉसूट एरा'बद्दल थोडं. हा शब्द विकणाऱ्यांना फार आवडतो. खरा दावा १९७७ मध्ये झाला, गिब्सन या अमेरिकन गिटार कंपनीची मालक नॉर्लिनने अमेरिकेत एल्गरवर केला. एल्गर म्हणजे इबानेझ या जपानी गिटार ब्रँडचा तिकडचा वितरक. भांडण हेडस्टॉकच्या आकारावरून होतं, आणि १९७८ मध्ये कोर्टाबाहेर मिटलं. फेंडर त्यात नव्हतं. त्यामुळे फेंडरच्या कॉपीला 'लॉसूट' म्हणणं ही निव्वळ दुकानदारी.

चांगल्या जपानी कॉपीही होत्या, हे खरं. मात्सुमोतोतला फुजीगेन, हामामात्सुचा तोकाई यांचे सत्तरीच्या उत्तरार्धातले बास आज लोक शोधून घेतात. त्यांचं स्केल पूर्ण, लाकूड अखंड, पिकअपवर ठिपके आठ. तुमचा त्या रांगेतला नाही. कोलकात्याचा म्हणणाऱ्याकडेही पुरावा काही नाही.

धागाकर्ता

म्हणजे विकून फारसं काही येणार नाही?

प्रतिसाद २

मी विकणार नाही. ज्याला हौस आहे तोच दोन पैसे देईल, आणि त्यानेही ते फेंडरचा स्टिकर पाहून दिले असतील तर उद्या परत येईल. विकायचाच असेल तर 'नाव नसलेली जपानी कॉपी' असं स्पष्ट लिहून विका.

पण मुलगी सहावीत आहे ना? ३० इंची बास तिच्या हाताला बरोबर बसेल. मुलांना ३४ इंचीवर पहिल्या फ्रेटवर बोट ठेवून करंगळी चौथ्या फ्रेटला पोचवताना रडू येतं. पॉट कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करून घ्या, सोल्डरिंग सुटलं असेल तर करून घ्या, रंगाला हात लावू नका. तारा शॉर्ट स्केलच्याच मागा. धोबीतलावच्या दुकानांत जाण्याआधी फोन करा, नेहमी शिल्लक नसतात. लाँग स्केलच्या तारा कापून लावायला कुणी सांगितलं तर ऐकू नका. जाड वेढ्यावरच कापल्या की पीळ सुटतो आणि आवाज बसतो.

धागाकर्ता

फोन केला, मागवून देतो म्हणाले. मामींना सांगितलं फेंडर नाही, त्या म्हणाल्या "मला माहीतच होतं." आता एकच: ई तारेची की फिरते पण धरत नाही. नवीन घ्यावी का?

प्रतिसाद ३

आधी कीच्या मागच्या दातेरी चाकाच्या मध्यावरचा छोटा स्क्रू आवळून बघा. बऱ्याचदा तेवढंच असतं. नाहीच धरली तर एकटी की शोधू नका, भोकाचं माप घेऊन चारचा सेट घ्या, आणि जुन्या कीज पिशवीत घालून बासबरोबर ठेवा.