मदत हवी आहे: एजन्सीत उद्या मीटिंग, सही करू का?

वैतागलेली_पेन्सिल: लवकर सांगा. छोटी एजन्सी, आम्ही सहाजण. ब्रीफ, म्हणजे काम नेमकं काय हवंय ते, कधीच लेखी नसतं. साहेब रात्री साडेअकराला व्हॉट्सअ‍ॅपवर 'लोगो मोठा कर' म्हणतात आणि सकाळी क्लायंटसमोर 'एवढा मोठा कोणी केला?' विचारतात. आता जाहिरात चुकीच्या तारखेने छापली गेली. तारीख त्यांनीच पाठवलेली! तरी सगळं माझ्यावर. सही करू का?

कीबोर्डकर: कशावर? राजीनाम्यावर की कबुलीवर? पगारदार आहात की कंत्राटी?

धूमकेतू७: सोडा सरळ. मी सोडली, आता फ्रीलान्स करतो. डोक्याला ताप नाही.

मधली_सुट्टी: @धूमकेतू७ हातात दुसरी ऑफर नसताना? आणि फ्रीलान्सात प्रत्येक क्लायंट साहेबच असतो. मागच्याच धाग्यात थकलेल्या बिलांवरून रडत होतात ना?

धूमकेतू७: तो विषय वेगळा.

जुना_खोडरबर: लोगोभोवती मोकळी जागा वाढवा. आकार तोच ठेवूनही उठून दिसतो.

मधली_सुट्टी: 🙏 धन्य!

सावकाश_चला: साहेबांची बाजूही बघा. छोटी एजन्सी एक-दोन रिटेनरवर, म्हणजे दरमहा ठरलेले पैसे देणाऱ्या क्लायंटवर तगते, क्लायंटला नाही म्हणायची सोय नसते. करारातच दुरुस्तीच्या फेऱ्या ठरवायच्या, त्यापुढे जादा पैसे. आम्ही तेच करतो.

मधली_सुट्टी: अहो, करार साहेब करतात. पेन्सिलताईंनी कुठे करायचा?

वैतागलेली_पेन्सिल: पगारदार आहे. एचआर वगैरे काही नाही, वहिनीच पगार काढतात. 'नुकसान पगारातून वळते करण्यास संमती' असं पत्र आहे. ऑफर लेटर सापडत नाहीये.

कीबोर्डकर: मग उद्या सही नाही. 'वाचून कळवते' म्हणा, प्रत मागा. तारखेचा मेसेज कधीचा आहे? 'डिलीट फॉर एव्हरीवन' साधारण 60 तासांपर्यंत चालतं. आत्ताच वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढा, चॅट एक्सपोर्ट करून स्वतःच्या मेलवर टाका. ऑफिसचा मेल नको, तो कधीही बंद करतील. ऑफर लेटर रुजू झालात त्या महिन्याच्या मेलमध्ये शोधा.

वैतागलेली_पेन्सिल: एक्सपोर्ट केलं. वहिनींना प्रत मागितली, तर म्हणाल्या सही झाल्यावर देते, रक्कम नंतर भरू.

कीबोर्डकर: रकमेची जागा कोरी आहे?? हे आधी सांगायचं ना!

धूमकेतू७: म्हणून म्हणतो, फ्रीलान्स.