तपासणीच्या वेळी पदराचा मान कसा राखावा?

प्रश्न (घाटंजी तालुका, यवतमाळ):

मी मूळचा सातारा जिल्ह्यातला असून सध्या इथल्या एका उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून काम करतो. येणाऱ्या स्त्रिया दुखणे मोकळेपणाने सांगतात, परंतु तपासायची वेळ आली की पदर घट्ट ओढून घेतात. कापूस वेचणीच्या दिवसांत तर साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट आणि डोक्याला रुमाल अशा वेशातच त्या शेतातून थेट येतात. रक्तदाबाचा पट्टा उघड्या दंडावर बांधावा लागतो, जाड बाहीवरून घेतलेला आकडा भरवशाचा नसतो; मात्र बाही वर करा म्हटले की त्या आधी दाराकडे पाहतात, आणि बाकावर सासरे किंवा भासरे बसलेले दिसले तर ‘राहू द्या, उद्या येतो’ म्हणून उठतात.

मे महिन्यात धसकटे वेचताना उष्माघात झालेल्या एका बाईंना आणले होते. अंग तापलेले होते आणि बोलणे असंबद्ध झाले होते. अशा वेळी कपडे सैल करून अंग ओले करणे, वारा घालणे, मानेला, काखेत आणि जांघेत बर्फ ठेवणे यात क्षणाचाही उशीर चालत नाही. पण सोबतचे पुरुष लुगडे सैल करू देईनात आणि खोलीबाहेरही जाईनात. बाई वाचल्या, तरी ती ओढाताण मला अजून अस्वस्थ करते. लोकांच्या रीतीला धक्का न लावता तपासणी नीट व्हावी यासाठी मी काय करावे?

प्रतिसाद १ (निवृत्त परिचारिका, आर्वी):

सर, आपण प्रश्न विचारलात याचेच मला समाधान वाटले, कारण बहुतेक जण ‘या बायका ऐकत नाहीत’ म्हणून मोकळे होतात. इथे लाज शरीराची कमी आणि नात्याची जास्त असते. जी सून भासऱ्यासमोर पदर ढळू देत नाही आणि खाटेवरही बसत नाही, तीच ओसरीवर बसून लेकराला निःसंकोच पाजते आणि माहेरच्या गावात डोक्यावर पदर न घेता हिंडते. त्यामुळे बाईला समजावण्यापेक्षा तिला कोण पाहत आहे तेवढे आपण बदलावे. बाक दारासमोरून हलवून भिंतीच्या पलीकडे ठेवा. तपासणीच्या खाटेला जाड पडदा लावा आणि तो फक्त दाराकडे न लावता खिडकीकडेही लावा, कारण खिडकीतून डोकावणारी पोरे हा आमचा जुना अनुभव आहे. एक स्वच्छ सुती चादर जवळ असू द्या. ती पांघरून घेतली की बाई स्वतःच शर्ट काढते, तिला सांगावे लागत नाही. छाती तपासायची तर पाठीकडून सुरुवात करा आणि सिस्टर किंवा आशाताई खोलीत असल्याशिवाय पडदा ओढू नका. त्यात तिची सोय आहे तसे आपलेही संरक्षण आहे.

उष्माघाताच्या वेळी पुरुषांना ‘बाहेर जा’ म्हटले की त्यांना तो अपमान वाटतो. त्यांना काम सांगा: एकाला बर्फ आणायला पाठवा, दुसऱ्याला १०८ ला फोन लावायला सांगा, तिसऱ्याला रस्त्यावर गाडी दाखवायला उभे करा. खोली आपोआप रिकामी होते.

प्रतिसाद २ (शिक्षक, पुसद):

अंग झाकण्याकडे केवळ जुनाट रूढी म्हणून पाहू नये, एवढेच मला जोडायचे आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना सांगितले की जातीची खूण ठरणारी लुगडे नेसण्याची पद्धत आणि तसे दागिने सोडून द्या. गुडघ्यापर्यंतचे लुगडे घोट्यापर्यंत नेणे हा त्या स्त्रियांसाठी स्वाभिमानाचा निर्णय होता. पुढे जुलै १९४२ मध्ये नागपूरला दलित महिलांची परिषद भरली, तेव्हा आपल्याच विदर्भात त्या स्वाभिमानाला हजारो स्त्रियांचे बळ मिळाले. आपल्या बाकावर बसलेल्या एखाद्या आजीच्या आईने नीट नेसण्याचा हा हक्क झगडून मिळवलेला असू शकतो. तिला पदर बाजूला करायला सांगताना आवाजात हुकूम नसावा.

प्रतिसाद ३ (काही काळ भामरागडला नोकरी केलेला):

तिथल्या माडिया समाजात लग्नानंतर स्त्रीने ब्लाउज घालायचा नाही असा जुना रिवाज होता आणि म्हाताऱ्या बायका आजही तशा दिसतात. बाहेरून आलेले लोकच डोळे फाडून पाहतात, मग त्या बायका संकोचतात. १९७३ पासून हेमलकशाला काम करणाऱ्या डॉ. प्रकाश आमटे यांनी तिथली गरिबी पाहून स्वतः बनियन आणि अर्ध्या चड्डीवर राहायचे ठरवले. आपण तसे करावे असे नाही, पण आपली नजर आणि आपला वेश यांचाही रुग्णावर परिणाम होतो.

प्रतिसाद ४ (सून, दिग्रस तालुका):

वरचे सगळे खरे आहे, तरीही एक बाजू राहून गेली. चुलीपुढे मे महिन्यात डोक्यावर पदर घेऊन आम्ही भाकरी थापतो, आणि त्याच वेळी घरचे पुरुष उघड्या अंगाने अंगणात आंघोळ करतात. मान राखायचे ओझे एकाच बाजूला का, हे आम्हाला कुणी विचारत नाही. उपकेंद्राच्या खोलीत पडदा ओढला गेला की पदराचेच नव्हे तर तोंडाचेही बंधन सुटते. अंगावरून पांढरे जाणे, अंग बाहेर येणे अशी वर्षानुवर्षे दाबून ठेवलेली दुखणी मी तिथेच पहिल्यांदा सांगितली होती.

आपल्याला एक सुचवते. आठवडी बाजाराच्या दिवशी गावातले बरेच पुरुष तालुक्याला गेलेले असतात. त्या दिवसाची सकाळ फक्त बायकांसाठी ठेवा आणि ते पाटीवर लिहू नका, आशाताईंना घरोघरी सांगायला लावा. पहिल्या आठवड्याला दोघी-तिघीच येतील. त्या परत जाऊन विहिरीवर काय सांगतात, त्यावर पुढच्या आठवड्याची गर्दी ठरेल.