'ड्रॅगन टायगर गेट' (२००६) : सबटायटल मध्येच चार सेकंद मागे पडतात, मदत हवी आहे

वाँग युक-लाँग यांच्या हाँगकाँगी कॉमिकवरचा, डॉनी येन आणि निकोलस त्झे यांचा हाच तो चित्रपट. मराठी सबटायटल करतोय. हाताशी इंग्रजी एसआरटी फाइल (सबटायटलच्या ओळी आणि त्यांच्या वेळा असलेली) आहे, सेकंदाला २५ फ्रेमच्या डिस्कवरून काढलेली. माझी प्रत २३.९७६ फ्रेमची, कँटोनीज आवाजाची.

सुरुवात जुळते, पण दहाव्या मिनिटाला ओळी २५ सेकंद आधीच येतात. नुसतं पुढे सरकवून उपयोग नाही, फरक वाढतच जातो. म्हणून फाइलमधल्या सगळ्या वेळा १.०४२७ ने (२५ भागिले २३.९७६) गुणल्या. ५१व्या मिनिटापर्यंत ओठाला ओठ जुळले! मग लांबलचक मारामारी, संवाद शून्य (हाणामारीच्या चित्रपटात दुसरं काय होणार). ती संपून पहिलं वाक्य येतं तेव्हा ओळ चार सेकंद उशिरा, आणि तो फरक शेवटपर्यंत तेवढाच राहतो.

तिथून पुढच्या सगळ्या ओळी चार सेकंद आधी आणल्या की काम भागतं, ते माहीत आहे. व्हीएलसी या दुसऱ्या व्हिडिओ प्लेअरमध्येही तपासलं, प्लेअरचा दोष नाही. डाउनलोडच्या लिंक नकोत, मँडरिन डबही नको.

माझ्या प्रतीत त्या मारामारीतला एखादा शॉट कापलेला असावा असा संशय आहे. कुणाकडे हाँगकाँगची मूळ डिस्क असेल तर तिची एकूण लांबी मिनिट-सेकंदात सांगाल का?