मदत हवी आहे: क्लिनिकल इम्युनॉलॉजीची उजळणी, सगळं एकमेकांत मिसळतंय

जेट्टीवरचा_परीक्षार्थी (नेरूळ)

एमबीबीएस फायनल, हातात अकरा दिवस. मेडिसिन आणि पेडियाट्रिक्स दोन्हींत इम्युनॉलॉजी (प्रतिकारशक्तीचं शास्त्र) येते आणि माझ्या डोक्यात तिचा काला झालाय. व्याख्या पाठ आहेत, पण केस समोर आली की गाडी अडते. नेमके अडलेले मुद्दे:

१. हायपरसेन्सिटिव्हिटीचे (प्रतिकारशक्ती शरीरालाच इजा करते त्याचे) चार प्रकार तक्त्यात येतात, केसमध्ये ओळखता येत नाहीत. टाइप टू आणि थ्रीमध्ये तर हमखास गल्लत.
२. कॉम्प्लिमेंट (रक्तातली जंतूंशी लढणारी प्रथिनं): सी३ कमी, सी४ नॉर्मल, दोन्ही कमी, नुसता सी४ कमी. यातून निष्कर्ष कसा काढायचा?
३. वारंवार इन्फेक्शन होणारं बाळ. कुठली तपासणी आधी सांगायची?
४. एएनए (स्वतःच्या पेशीकेंद्राविरुद्धची अँटीबॉडी) पॉझिटिव्ह आला की लुपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्या अवयवांवर उलटण्याचा आजार) लिहून मोकळं व्हायचं का?

'पुस्तक नीट वाच' सोडून काहीही सांगा.

पारसिक_बोगदा (कळवा)

पहिला मुद्दा घेतो. गेल आणि कूम्ब्स यांचं १९६३ चं वर्गीकरण तक्ता म्हणून पाठ केलं की केसमध्ये आठवत नाही. त्यापेक्षा प्रत्येक केसला दोन प्रश्न विचारा. संपर्कानंतर किती वेळाने झालं? आणि अँटिजेन, म्हणजे प्रतिकारशक्ती ज्याच्यावर तुटून पडते तो पदार्थ, कुठे आहे, पेशीला चिकटलेला की रक्तात तरंगणारा?

एकटं पेनिसिलिन घ्या. इंजेक्शननंतर काही मिनिटांत अंगावर गांधी, घशात आवळल्यासारखं, बीपी पडलं: आयजीई (ॲलर्जीची अँटीबॉडी), मास्ट सेल (हिस्टामिन सोडणारी पेशी), टाइप वन. मोठ्या डोसवर आठवडाभर असलेला पेशंट पांढरा पडला, हिमोग्लोबिन घसरलं, डायरेक्ट कूम्ब्स (लाल पेशीवर अँटीबॉडी बसली आहे का, ही तपासणी) पॉझिटिव्ह: औषध लाल पेशीवर बसलं आणि आयजीजी अँटीबॉडीने ती पेशी टिपली, टाइप टू. एक-दोन आठवड्यांनी ताप, सांधेदुखी, गांधी, सुजलेल्या गाठी: अँटिजेन-अँटीबॉडीचे गठ्ठे (कॉम्प्लेक्स) तरंगत जाऊन वाहिन्यांत अडकले, टाइप थ्री. आणि औषध हाताळणाऱ्या नर्सच्या बोटांवर एक-दोन दिवसांनी खाजरं इसब: टी सेल, टाइप फोर.

बघा, नुसतं घड्याळ टाइप वनला वेगळं काढतं. टू आणि थ्री दोन्ही आठवड्याच्या आसपास येऊ शकतात. तिथे दुसरा प्रश्न कामाला येतो. किडनी बायोप्सीच्या इम्युनोफ्लुओरेसन्समध्ये (अँटीबॉडी चमकवून दाखवणाऱ्या तपासणीत) हाच फरक डोळ्यांना दिसतो. गुडपाश्चरमध्ये (किडनी-फुप्फुसांवर उलटणारा आजार, टाइप टू) अँटिजेन बेसमेंट मेम्ब्रेनचाच (किडनीच्या गाळणीच्या पडद्याचाच) भाग असल्यामुळे सरळ रेघ उमटते, म्हणून लिनियर. स्ट्रेप्टोकोकल नेफ्रायटिसमध्ये (घशाच्या किंवा त्वचेच्या इन्फेक्शननंतरची किडनीची सूज, टाइप थ्री) कॉम्प्लेक्सचे ढीग इथे-तिथे साचतात, म्हणून ग्रॅन्युलर. हे एक वाक्य उत्तरात आलं की परीक्षक पुढे सरकतो.

टाइप टूमध्ये पेशी मरायलाच हवी असंही नाही. मायस्थेनियात (स्नायू थकवणारा आजार) अँटीबॉडी रिसेप्टर निकामी करते, ग्रेव्हजमध्ये (थायरॉइड जास्त चालण्याचा आजार) उलट चेतवते. ग्रेव्हजला काही जण टाइप फाइव्ह म्हणतात. वायवात (तोंडी परीक्षेत) तसं म्हणणार असाल तर 'मूळ वर्गीकरणात तो टाइप टूतच बसतो' हे जोडा.

टाइप फोरचं उदाहरण म्हणून मान्टू (टीबीची त्वचेवरची चाचणी) विचारतात, त्यात मार्क जातात ते मोजण्यात. ०.१ मिली, त्वचेच्या आत, फोड उठलाच पाहिजे. नाही उठला तर सुई खोल गेली. ४८ ते ७२ तासांनी वाचायचं, हाताच्या लांबीला आडवं, आणि फक्त हाताला लागणारा कडकपणा. लालसर भाग मोजला की संपलं. साधारण १० मिमी, एचआयव्ही असेल तर ५ मिमी म्हणजे पॉझिटिव्ह.

घोडबंदर_नाईट_ड्युटी (ठाणे)

वरच्यात एक भर. आपल्या जिल्ह्याला शोभेल असं उदाहरण म्हणजे साप. शहापूर-मुरबाडकडचा पेशंट, विषबाधेची लक्षणं, अँटी-स्नेक व्हेनम (सापाच्या विषावरचं सीरम) चालू. हे घोड्याच्या रक्तातलं प्रथिन, त्यामुळे एका बाटलीत दोन प्रतिक्रिया दडलेल्या असतात.

पहिल्या १० मिनिटांपासून तीन तासांपर्यंत अंगाला खाज, गांधी, उलटी, दम. दिसायला हुबेहूब टाइप वन, पण बहुतेकदा आयजीई नसतेच. कॉम्प्लिमेंट थेट जागा होतो. म्हणूनच त्वचेवरची टेस्ट डोस काही भाकीत करत नाही आणि ती करायची नाही. उपचार मात्र तेच: सीरम थांबवा, ॲड्रेनालिन द्या, पेशंट सावरला की पुन्हा सुरू करा. अनेकांच्या उत्तरात 'पुन्हा सुरू करा' नसतं. अहो, विष अजून अंगात आहे!

दुसरी प्रतिक्रिया आठवडाभराने, सीरम सिकनेस, अस्सल टाइप थ्री.

ॲड्रेनालिनबद्दल, म्हणजे ॲनाफायलॅक्सिसच्या (जीवघेण्या ॲलर्जीच्या) पहिल्या औषधाबद्दल: १:१००० म्हणजे १ मिलीत १ मिग्रॅ. मोठ्या माणसाला अर्धा मिली, लहान मुलाला किलोमागे ०.०१ मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. पाच मिनिटांनी फरक नाही तर परत. चूक कुठे होते? अचूक मोजता यावं म्हणून इन्सुलिनची सिरिंज उचलतात; तिची सुई इतकी आखूड की औषध चरबीतच राहतं. १ मिलीच्या सिरिंजला एक इंची सुई लावा. पाय वर करून झोपवा आणि 'बरं वाटतंय' म्हणाला तरी पटकन उठवू नका, उठताच हृदयाकडे परतणारं रक्त तुटून पेशंट गेल्याची नोंद आहे. एव्हिल (ॲलर्जीचं औषध) आणि हायड्रोकॉर्टिसोन (स्टेरॉइड) ही नंतरची औषधं. उत्तरपत्रिकेत ती ॲड्रेनालिनच्या वर लिहिलीत तर बाकीचं उत्तर कितीही सुंदर असो, मार्क गेले. बीटा ब्लॉकरवर असलेला पेशंट दाद देत नसेल तर ग्लुकॅगॉन.

खाडीपलीकडे (ऐरोली)

एक शंका: ॲड्रेनालिन शिरेतून दिलं तर जास्त लवकर काम करेल ना? आमच्या बॅचमध्ये तेच पाठ केलंय.

घोडबंदर_नाईट_ड्युटी (ठाणे)

नाही. १:१००० शिरेतून ढकललं तर एरिदमिया (हृदयाचे ठोके बिघडणं) आणि हार्ट ॲटॅक. शिरेतून द्यायचं तर पातळ करून, इन्फ्यूजनवर, मॉनिटर लावून, आणि तेही स्नायूतल्या डोसना आणि सलाइनला दाद मिळाली नाही तर. कार्डिॲक अरेस्टचा १ मिग्रॅ डोस ही वेगळी गोष्ट, तो पेशंटच वेगळा. बॅचमध्ये आजच सांगा.

आणि ट्रिप्टेज (मास्ट सेल फुटल्याची रक्तातली खूण) विचारलं तर: रक्त लक्षणं सुरू झाल्यापासून १ ते २ तासांत, फार तर ४ तासांपर्यंत, तुलनेसाठी दुसरा नमुना २४ तासांनंतर. अन्नामुळे झालेल्या ॲनाफायलॅक्सिसमध्ये ते नॉर्मलही येतं. उपचार त्याच्यासाठी थांबत नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

लॅबवाली_ताई (वाशी)

दुसरा प्रश्न, सी३-सी४ चा, माझा.

कॉम्प्लिमेंट जागा होण्याचा क्लासिकल मार्ग सी४ खर्च करतो, मग सी३. आल्टर्नेट मार्ग सी४ ला हातच लावत नाही. एवढं धरलं की उरलेलं आपोआप येतं. दोन्ही कमी: लुपस, सीरम सिकनेस, क्रायोग्लोब्युलिनीमिया (थंडीत साकळणाऱ्या अँटीबॉडींचा आजार, यात सी४ फारच खाली). सी३ कमी आणि सी४ जवळपास नॉर्मल: स्ट्रेप्टोकोकल नेफ्रायटिस. इथेही कळव्याच्या दादांचं घड्याळ चालतं. घसा दुखल्यावर दीड-दोन आठवड्यांनी, त्वचेच्या इन्फेक्शननंतर तीन ते सहा आठवड्यांनी कोकाकोलासारखी लघवी. घसा दुखत असतानाच, एक-दोन दिवसांत लाल लघवी आणि सी३ नॉर्मल असेल तर ती आयजीए नेफ्रोपथी. स्ट्रेप्टोकोकलचा सी३ सहा-आठ आठवड्यांत परत नॉर्मल व्हायला हवा. नाही झाला तर निदानच चुकलंय असं धरून बायोप्सीकडे वळा. त्वचेच्या इन्फेक्शननंतर एएसओ (स्ट्रेप्टोकोकसविरुद्धची अँटीबॉडी) दगा देतो, त्याऐवजी अँटी-डीएनएज बी लिहा.

नुसता सी४ कमी: हेरेडिटरी अँजिओएडिमा (अंग सुजण्याचा आनुवंशिक आजार). यावर प्रश्न येतो तेव्हा केसमध्ये खूण पेरलेली असते: ओठ-चेहरा सुजलाय, पण अंगावर एकही गांधी नाही, खाज नाही, मधूनमधून पोटात असह्य दुखतं, घरात आणखी कोणाला तसंच. खेळ हिस्टामिनचा नाही, ब्रॅडिकायनिनचा, म्हणून ॲड्रेनालिन, एव्हिल, स्टेरॉइड तिन्ही फुकट. द्यायचं ते सी१ इन्हिबिटर (या आजारात उणं किंवा बिघडलेलं प्रथिन) किंवा आयकॅटिबँट (ब्रॅडिकायनिन रोखणारं औषध) ३० मिग्रॅ त्वचेखाली. दोन्ही हाताशी नसतील तर प्लाझ्मा, आणि श्वासमार्गाची काळजी आधी. सी४ झटका नसतानाही बहुधा कमीच असतो, म्हणून स्वस्तातली चाळणी तीच. सी१ इन्हिबिटरची पातळी नॉर्मल आली म्हणून सोडू नका: या आजाराच्या टाइप दोनमध्ये पातळी ठीक आणि काम बिघडलेलं असतं, फंक्शन मागवा. एनालाप्रिल (बीपीची गोळी) घेणाऱ्याची सूजही ब्रॅडिकायनिनचीच, पण त्याचा सी४ नॉर्मल.

मेनिन्जोकोकल मेंदूज्वर दुसऱ्यांदा झालेला मुलगा म्हणजे सी५ ते सी९ ची उणीव, सीएच५० (सगळ्या कॉम्प्लिमेंटची एकत्रित चाचणी) जवळपास शून्य. पण लॅबच्या बाजूने सांगते, सीएच५० चा नमुना टेबलावर तासन्‌तास पडून राहिला तरीही आकडा कोसळतो. आकडा न पटणारा असेल तर आधी नमुना कसा आला ते विचारा, मग आजार शोधा.

बालरोग_वॉर्ड (कामोठे)

तिसरा, वारंवार इन्फेक्शन होणारं बाळ. सगळ्यात आधी एचआयव्ही. प्रायमरी इम्युनोडेफिशियन्सीच्या (प्रतिकारशक्तीच्या जन्मजात उणिवेच्या) उत्साहात हे लिहायचंच राहतं. आणि १८ महिन्यांखाली अँटीबॉडी टेस्ट आईचीच अँटीबॉडी दाखवू शकते, म्हणून डीएनए पीसीआर.

मग साधी सीबीसी, पण डोळे उघडे ठेवून. चार महिन्यांचं बाळ, वजन वाढत नाही, तोंडात बुरशी हटत नाही, जुलाब, न्यूमोनिया. पांढऱ्या पेशींचा काउंट ८,०००, लिम्फोसाइट २० टक्के. रिपोर्टवर सगळं निवांत वाटतं. गुणाकार करा: १,६००. मोठ्या माणसाला चालेल, पण या वयात ३,००० च्या खाली म्हणजे धोक्याची घंटा. स्किड (टी सेलच नसण्याचा जन्मजात आजार) नाही हे सिद्ध होईपर्यंत हे बाळ स्किडचंच धरायचं. छातीच्या एक्स-रेत थायमसची सावली नाही हे त्याला जोडून येतं. आपल्याकडे बीसीजी जन्मताच देतात, म्हणून काखेतली गाठ फुटणं, बीसीजी अंगभर पसरणं ही आपल्या देशातली हमखास खूण. जिवंत लस कुठलीही नाही, रक्त द्यायचंच तर इरॅडिएट केलेलं, नाहीतर दात्याच्या लिम्फोसाइट बाळावर उलटतात. रक्त मागवतानाच्या फॉर्मवर हा शब्द लिहिला नाही तर पिशवी साधीच येते.

बाकीचं जंतूवरून:

पाच-सहा महिन्यांपर्यंत ठणठणीत आणि मग कान, सायनस, न्यूमोनिया: आईची आयजीजी संपली. मुलगा असेल, टॉन्सिल दिसतच नसतील, सीडी१९ (अँटीबॉडी बनवणाऱ्या बी सेलची खूण) शून्य, तर ब्रूटनचा आजार, बीटीके जीन. (ब्रूटनचा पेपर १९५२ चा, आणि मुंबईत भेंडे आणि सहकाऱ्यांनी बॉम्बे रक्तगट मांडला तोही १९५२ मध्येच. तो गट साध्या तपासणीत ओ दिसतो, पण रक्तातल्या अँटी-एच अँटीबॉडीमुळे ओ रक्तच चालत नाही. टाइप टूच्या शॉर्ट नोटला याहून घरचं उदाहरण मिळणार नाही.)

स्टॅफिलोकोकस, सेराशिया, बर्कहोल्डेरिया, ॲस्परजिलस, लिव्हरमध्ये गळू: सीजीडी (न्यूट्रोफिल जंतू गिळतात, पण मारू शकत नाहीत). एनबीटी ही जुनी तपासणी, आता डीएचआर. नमुना ताजा हवा आणि सोबत निरोगी माणसाचा नमुना त्याच वेळी पाठवायचा. न्यूट्रोफिल वाटेत मेले तर निरोगी माणूसही सीजीडी दिसेल. जंतुसंसर्ग आहे, काउंट ४०,०००, पण पू नाही, आणि नाळ महिना झाला तरी पडली नव्हती: लॅड (पांढऱ्या पेशी वाहिनीबाहेर पडू शकत नाहीत), सीडी१८ ची उणीव. इसब, रक्तस्राव, प्लेटलेट कमी आणि आकाराने लहान: विस्कॉट-ऑल्ड्रिच. आयटीपीत (अँटीबॉडीमुळे प्लेटलेट घटण्याचा आजार) प्लेटलेट मोठ्या असतात, फरक विचारतात.

गॅमा ग्लोब्युलिनचा (दात्यांच्या रक्तातल्या अँटीबॉडींचा) डोस ४०० ते ६०० मिग्रॅ किलोमागे, तीन-चार आठवड्यांनी. इम्युनोग्लोब्युलिन मोजायचं रक्त त्याच्या आधी काढा. एकदा बाटली चढली की त्यानंतरच्या सगळ्या सेरॉलॉजीत (अँटीबॉडींच्या तपासण्यांत) दात्यांच्या अँटीबॉडी. 'पुढे कुठे पाठवाल' असं विचारलं तर परळला केईएमच्या आवारातली राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था, ठाणे-नवी मुंबईहून लोकलने गाठता येते.

पारसिक_बोगदा (कळवा)

चौथा थोडक्यात. एएनए पॉझिटिव्ह म्हणजे लुपस? नाही. एएनए निरोगी माणसांतही येतो, टायटर जितका खालचा तितका जास्त. लुपसच्या २०१९ च्या निकषांत १:८० हे फक्त दार आहे. आत गेल्यावर किमान १० गुण लागतात. अँटी-डीएसडीएनए किंवा अँटी-एसएमला (लुपसच्या खास अँटीबॉडींना) ६, सी३-सी४ दोन्ही कमी असतील तर ४, वर्ग तीन किंवा चारचा नेफ्रायटिस बायोप्सीत सापडला तर एकट्यालाच १०. डीएसडीएनए आजाराच्या चढउताराबरोबर फिरते, एसएम फिरत नाही पण पक्की. टीबीसाठी आयसोनायझिड घेणारा आणि सांधे धरलेला पेशंट आला तर औषधामुळे होणारा लुपस आणि त्याची अँटी-हिस्टोन अँटीबॉडी आठवा, औषध थांबवल्यावर निवळतं. गर्भवतीत अँटी-आरओ लिहा, त्या अँटीबॉडीने बाळाला हार्ट ब्लॉक होऊ शकतो.

एपीटीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) लांबलाय आणि तरी गुठळ्या होताहेत: अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम. बारा आठवड्यांनी परत तपासल्याशिवाय निदान लिहू नका, आणि ल्युपस अँटिकोॲग्युलंटचं (त्याच्याच एका तपासणीचं) रक्त हेपॅरिन सुरू करायच्या आधी काढा.

जेट्टीवरचा_परीक्षार्थी (नेरूळ)

एक करून बघतो, चुकलं तर सांगा. मुरबाडचा ३५ वर्षांचा शेतकरी, घोणस चावल्यावर सीरम घेतलं. नवव्या दिवशी ताप, गुडघे-घोटे सुजले, गांधी, गाठी, लघवीत थोडं प्रोटीन. टाइप थ्री, सीरम सिकनेस. सी३, सी४ दोन्ही कमी. उपचार ॲड्रेनालिन आणि स्टेरॉइड.

घोडबंदर_नाईट_ड्युटी (ठाणे)

ॲड्रेनालिन खोडा. नवव्या दिवशी बीपी ठीक, श्वास ठीक, मग त्याचं काम काय? गांधींसाठी क्लोरफेनिरामिन २ मिग्रॅ सहा तासांनी. त्याने भागलं नाही तर प्रेडनिसोलोन ५ मिग्रॅ सहा तासांनी, पाच ते सात दिवस. क्रिएटिनिन करा, लघवी पुन्हा बघा. पण घोणस आहे, तिचं विष स्वतःही किडनी मारतं. प्रोटीनचं खापर लगेच कॉम्प्लेक्सवर फोडू नका, पहिल्या दिवशीचा लघवीचा रिपोर्ट शोधून शेजारी ठेवा.