मदत हवी आहे: पंचनाम्यातलं काडतूस, पुंगळी आणि गोळी समजून घ्यायची आहे

गोदाकाठची_वकील
नमस्कार मंडळी. नाशिकच्या जिल्हा न्यायालयात नवीनच वकिली सुरू केली आहे. सीनियर सरांनी शस्त्र अधिनियमाच्या एका प्रकरणाचं दोषारोपपत्र वाचायला दिलंय आणि मी पंचनाम्यावरच अडून बसले आहे. ओळख पटेल असं काही लिहीत नाही, फक्त वस्तूंबद्दल विचारते.

एका ठिकाणी लिहिलंय, "दोन जिवंत काडतुसे, पितळी, पेंद्यावर केएफ ७.६५ असे इंग्रजीत कोरलेले". पुढे "एक रिकामी पुंगळी". दवाखान्यातून एक वाकडातिकडा धातूचा तुकडा जप्त आहे. पंच मात्र जबाबात या सगळ्यालाच "गोळी" म्हणतो. काडतुसात नक्की काय काय असतं? पुंगळीवरून काय कळतं आणि त्या तुकड्यावरून काय? ७.६५, .३२, ८ एमएम, बारा बोअर हे आकडे कशाचे? कुणाची तरी काही वर्षं यावर ठरणार आहेत, त्यामुळे अंदाजाने उलटतपास घ्यायची माझी तयारी नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

देवळालीचा_गनर
ताई, मी तोफखान्यातून निवृत्त, देवळाली कॅम्पला राहतो. आमच्या १५५ मिमीच्या तोफेत गोळा आधी भरतात, त्याच्या मागून दारूचा चार्ज वेगळा घालतात. बंदुकीच्या काडतुसात हेच सगळं एका पितळी नळीत बसवलेलं असतं.

ती नळी म्हणजे पुंगळी. तिच्या तोंडाशी घट्ट बसवलेली असते ती गोळी, आणि उडून जाते ती फक्त तीच. पोटात दारू, म्हणजे बिनधुराची पावडर. पेंद्याच्या मधोमध छोटी टोपी, तिला प्रायमर म्हणतात. घोडा दाबला की फायरिंग पिन टोपीवर आदळते, टोपीतली ठिणगी दारूला लागते, दारू क्षणात जळून वायू होतो आणि तो गोळीला नळीतून बाहेर ढकलतो. त्याच दाबाने पितळ फुगून चेंबरला चिकटतं, म्हणून वायू मागे येत नाही. चेंबर म्हणजे नळीच्या मागच्या टोकाची, काडतूस बसायची जागा.

पॉइंट टू-टू (.२२) च्या काडतुसात वेगळी टोपी नसते. पेटणारा मसाला पेंद्याच्या कडेच्या आत असतो आणि पिन कडेवर बसते. एनसीसीची पोरं हेच काडतूस चालवतात. पॅरिसला २०२४ मध्ये आपल्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफलमध्ये कांस्य मिळवलं, ते याच काडतुसावर.

केएफ म्हणजे खडकीचा कारखाना, पुण्याजवळचा. १८६९ पासूनचा आहे. ७.६५ च्या पेंद्यावर ही अक्षरं सर्रास दिसतात, तेव्हा केवळ त्यावरून माल कुठून आला हे ठरत नाही.

निफाडचा_बागायतदार
बारा बोअरचं मी सांगतो, घरी पीकसंरक्षणाच्या परवान्यावर आहे. निवडणूक आली की ठाण्यात जमा करावी लागते. तिचं काडतूस वेगळं असतं: खाली पितळी टोपण, वर प्लास्टिकची किंवा जाड कागदाची नळी, आत दारू, तिच्यावर वॅड म्हणजे दारू आणि छर्रे वेगळे ठेवणारा बोळा, आणि वॅडच्या पुढे शिशाचे छर्रे. बारा हा आकडा मिलिमीटरचा नाही. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक जेवढी जाड, तेवढी नळी. साधारण साडेअठरा मिमी. म्हणून सोळा बोअरची नळी बारापेक्षा बारीक असते. नवख्या माणसाला हे हमखास उलटं वाटतं.

गोदाकाठची_वकील
काका, दादा, मनापासून आभार. पेंद्यावरचं आता डोक्यात बसलं. पण पुंगळी एका शस्त्रातून आणि तो तुकडा दुसऱ्यातून असं असू शकतं का? आणि सीए रिपोर्ट (सरकारी प्रयोगशाळेचा अहवाल) सांगतो की काडतुसं जिवंत होती, पण मुद्देमालात तर आता रिकाम्या पुंगळ्या आहेत. हे कसं?

सातपूरचा_जुना_वकील
मॅडम, दुसरं आधी, कारण त्यावर नवीन वकील नेहमी घसरतात. काडतूस जिवंत आहे हे प्रयोगशाळा बहुधा ते उडवूनच ठरवते. त्यामुळे परत येतात त्या रिकाम्या पुंगळ्या. त्यावरून अदलाबदलीचा आरोप लगेच करू नका. रिपोर्टमध्ये चाचणीसाठी किती वापरली तो आकडा शोधा, सील आणि पाकिटांवरच्या खुणा जुळवा.

आता पहिलं. पुंगळी आणि गोळी या दोन स्वतंत्र साक्षी आहेत. पुंगळीच्या टोपीवर पिनचा खड्डा असतो, पेंद्यावर ब्रीचचे, म्हणजे तो ज्यावर टेकतो त्या मागच्या भागाचे ओरखडे, कडेला पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याची (एक्स्ट्रॅक्टरची) खूण. गोळीवर यातलं काहीच नसतं. तिच्यावर नळीतल्या पीळदार खाचांच्या रेघा उठतात. त्या किती, कोणत्या बाजूला वळलेल्या, हे पाहतात. साधा पाइप लावलेल्या कट्ट्यात खाचाच नसतात, मग गोळीवरही त्या रेघा नाहीत. छर्र्यांवरही नसतात. दवाखान्यातला तुकडा कुठल्या शस्त्राचा, हे पुंगळीवरून सिद्ध होत नाही. दोन्हींची तुलना वेगवेगळी झाली आहे का, ते रिपोर्टमध्ये पाहा.

तो तुकडा नुसता शिशाचा आहे की वर तांब्या-जस्ताचं आवरण आहे, तेही पाहा. ७.६५ ला बहुतेक आवरणाची गोळी असते. तुकडा निव्वळ शिशाचा निघाला तर प्रश्न विचारायलाच हवा, फक्त आवरण वेगळं होऊन पडू शकतं हे उत्तर येईल, त्याची तयारी ठेवा.

पुंगळी घटनास्थळी मिळाली असेल तर शस्त्र कुठलं हे महत्त्वाचं. पिस्तूल रिकामी पुंगळी आपोआप बाहेर फेकतं. रिव्हॉल्व्हरमध्ये ती चक्रातच राहते, हाताने काढावी लागते. कट्ट्याचंही तसंच. ७.६५ हा आकडा मिमीत, .३२ इंचात; ७.६५ म्हणजे .३२ पिस्तुलाचं काडतूस. .३२ रिव्हॉल्व्हरचं काडतूस वेगळं, लांब, मोठ्या कडेचं. दोन्हींना बोलताना "बत्तीस" म्हणतात, पंचनाम्यात तेच शिरतं. ८ एमएम हे .३१५ रायफलचं, बरेच गावठी कट्टे त्यावर बनवलेले असतात. या नावातल्या आकड्याशी गोळीची खरी जाडी तंतोतंत जुळेलच असं नाही, तेव्हा मोजपट्टीवर भिस्त नको.

गोळी झाडल्याचे कण शोधायला आरोपीच्या हाताचे स्वॅब (पुसून घेतलेले नमुने) घेतले असतील तर शिसे, बेरियम, अँटिमनी या तिघांचा उल्लेख शोधा. ते टोपीतून येतात, दारूतून नाही.

कायद्याचं थोडं: शस्त्र अधिनियमातल्या व्याख्येत दारूगोळ्याचे भागही धरलेत, पण कलम ४५ च्या (डी) मध्ये किरकोळ भागांना, ते जोडीच्या भागांसोबत वापरायचे नसतील तर, सूट आहे. नुसत्या रिकाम्या पुंगळीबद्दल ते वाचा. कलम ३९ ची, खटला भरण्याची मंजुरीही तपासा. शहर हद्दीत ती पोलीस आयुक्तांची लागते.

देवळालीचा_गनर
एक राहिलं. टोपीवर खड्डा आहे पण गोळी जागेवर आहे, असं काडतूस मिसफायर, म्हणजे पिन बसूनही न उडालेलं, असू शकतं. पंचनाम्यात "जिवंत" लिहिलेल्या दोन्हींच्या टोप्या कोऱ्या होत्या का, हे पंचाला विचारा.

गोदाकाठची_वकील
पंचनाम्यात टोपीबद्दल एक शब्द नाही काका. उद्या सीए रिपोर्टचे फोटो मागवते आणि पाकिटांचे सीलही पाहते. काही अडलं तर याच धाग्यावर विचारेन.