साठ मुलं, एक रेपो

खडूफळा:
कालच्या धाग्यात एक महाशय लिहितात, 'बीईच्या चौघा-चौघांच्या प्रोजेक्टचं नाटक बंद करा, ६० जणांच्या वर्गाला एकच रेपो, म्हणजे कोडचं एकच सामायिक कपाट, द्या, टीमवर्क आपोआप येईल.' आपोआप! चौघांत बोलायच्या जोड्या ६, साठांत १,७७०. जँगोचंच घ्या, पायथॉनमध्ये वेबसाइट बांधायची ती चौकट. दोघांनी आपापल्या ब्रँचवर, म्हणजे कोडच्या वेगळ्या फांदीवर, एकाच ॲपचं (प्रोजेक्टच्या एका भागाचं) ०००७ नंबरचं मायग्रेशन, म्हणजे डेटाबेसची रचना बदलणारी फाइल, केलं. फाइलींची नावं वेगळी, म्हणून गिटला (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरला) कॉन्फ्लिक्ट दिसत नाही, मर्ज, म्हणजे दोन्ही फांद्या एकत्र करणं, गुपचूप होतं. मग हे बदल डेटाबेसला लावायला मायग्रेट चालवलं की जँगो मायग्रेशनच्या साखळीला दोन टोकं बघून अडून बसतं आणि मेन, म्हणजे मुख्य ब्रँच, सगळ्यांचाच बंद.

गिटभट:
अहो, हेच तर शिकवायचंय! चौघांत एक कोड लिहितो, एक पीपीटी करतो, उरलेले दोघे ब्लॅक बुक (प्रोजेक्टचा रिपोर्ट) बाइंडिंगला नेतात. मेन प्रोटेक्टेड ठेवा, सीआयमध्ये, म्हणजे बदलांच्या आपोआप होणाऱ्या तपासणीत, 'मेकमायग्रेशन्स --चेक' लावा. ज्याचा पीआर (मर्ज करा अशी विनंती) मागे राहिला त्याने मेन ओढायचा, आपली ०००७ उडवून नव्याने करायची. ती ०००८ होते. संपलं.

खडूफळा:
कसलं संपलं? दोन्ही पीआर सुटे तपासले तर दोन्ही हिरवेच, म्हणजे पास. 'ब्रँच अपडेट असल्याशिवाय मर्ज नाही' हा नियमही लावावा लागतो. आता सबमिशनच्या आदल्या रात्री २० पीआर उभे, सीआय १० मिनिटांचं. एक मर्ज झाला की उरलेले १९ शिळे, पुन्हा तपासा. म्हणजे २०० मिनिटं, तीही एकही टेस्ट लाल झाली नाही तर. रांग कोण लावणार, एचओडी?

टेस्टवाली:
रांगेचं सोडा, मार्कांचं बोला! शॉर्टलॉग (कोणाचे कमिट किती, ही गिटची यादी) काढून कमिट, म्हणजे नोंदवलेले बदल, मोजणारे मास्तर डोक्यात जातात. स्क्वॉश मर्ज केलं, म्हणजे सगळे कमिट दाबून एक केला, की पाच जणांचं काम पीआर उघडणाऱ्याच्या नावावर. बाकीचे को-ऑथर्ड-बायच्या (सहलेखकांच्या) ओळीत, आणि ती ओळ शॉर्टलॉग आपणहून मोजत नाही.

गिटभट:
गिट २.२९ पासून शॉर्टलॉगला '--ग्रुप=ट्रेलर' आहे, ती ओळही मोजता येते. मॅन्युअल वाचायचे कष्ट घ्या.

टेस्टवाली:
मला नको, मास्तरांना सांगा. ओळी मोजल्या तर आणखी गंमत. विंडोजवाल्याच्या एडिटरने फाइल सीआरएलएफमध्ये (ओळ संपल्याच्या विंडोजच्या खुणेने) सेव्ह केली की ब्लेममध्ये, म्हणजे कुठली ओळ कोणाची हे दाखवणाऱ्या यादीत, ४०० च्या ४०० ओळी त्याच्या. हे टाळायला गिटॲट्रिब्यूट्स फाइलमध्ये 'टेक्स्ट=ऑटो' पहिल्याच कमिटला टाकतं कोण? आणि टेस्टमध्ये असर्टच (उत्तर बरोबर का हे बघणारी ओळच) नाही, म्हणून ती कायम हिरवी, हे रिव्ह्यूत पकडणारीला शून्य. कारण तिचा कमिट नाही!

गिटभट:
बरं बाई, रिव्ह्यूला मार्क द्या. आणि सगळे साठ एका ॲपमध्ये कोंबा असं मीही म्हणत नाही. पाच ॲप, १२-१२ जण. मायग्रेशनचे नंबर ॲपगणिक वेगळे, कोडओनर्स फाइलमध्ये कुठल्या ॲपचे रिव्ह्यूवाले कोण ते ठरलेलं.

खडूफळा:
म्हणजे गटच की! फिरून फिरून भोपळे चौकात.

गिटभट:
गट पाच, मेन एक. लॉगिनवाल्यांनी युजर टेबलातला कॉलम उडवला की उरलेल्या चार गटांनी बोंब मारायची. तुमच्या चौघांत बोंब मारायला असतं कोण?

टेस्टवाली:
आणि बोंब मारल्याचे मार्क किती?